भाकरी समुद्रापार पाठवताना

आमच्या सोलापुरात कडक भाकरी डब्यात घातली की महिनोन्महिने तिला काही होत नाही. शेंगदाण्याच्या चटणीचेही तेच. प्रवासाला निघणारा माणूस हे दोन जिन्नस बांधून घेतो ते याच भरवशावर, आणि आता आमच्यासारखे कितीतरी गृहउद्योग त्याच भरवशावर परदेशातल्या मराठी गिऱ्हाइकांसाठी माल काढू लागले आहेत. विमानाने भाकरी परवडत नाही. ती हलकी, पण जागा फार खाते, आणि विमानवाले अशा मालाचे पैसे आकारमानावर लावतात. म्हणून जहाज. पण जहाजावर चढणारा माल वेगळ्या हिशोबाने बनवावा लागतो. हे नुकसान सोसून शिकायची पाळी इतरांवर येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

दिवाळीसाठी न्यू जर्सीच्या एका दुकानदाराला आम्ही माल पाठवला होता. तो पोहोचल्यावर त्यांनी व्हिडिओ पाठवला. कॅमेऱ्यासमोर त्यांनी भाकरी दोन्ही हातांत धरून वाकवली. ती मोडली नाही, पोळीसारखी दुमडली. पार सादळलेली. वरच्या थरातल्या खोक्यांवर पाण्याचे तपकिरी डाग होते आणि झाकणे खाली बसली होती. चटणीची पिशवी फोडली तर लसणाआधी अगरबत्तीचा वास आला, असे त्यांनी सांगितले.

वासाचा उलगडा लवकर झाला. आमचा माल पूर्ण कंटेनरभर नव्हता, त्यामुळे एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये गेला. भरणाऱ्या एजंटाने शेजारी अगरबत्तीची खोकी लावली होती. बंद पेटीत इतके आठवडे राहिल्यावर तेलकट पदार्थ वास ओढून घेणारच. तेव्हापासून मी बुकिंगच्या वेळीच लेखी मागते: कंटेनरमध्ये साबण, अगरबत्ती, रसायने, कातडे नको, फक्त खाण्याचा माल हवा. असा कंटेनर मिळायला थांबावे लागले तरी थांबते. आधीच्या फेरीत काय नेले होते तेही विचारा, कारण लाकडी तळात वास मुरलेला असतो.

ओलाव्याची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दिवाळीचा माल दुकानात ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायला हवा. न्हावा शेवाहून न्यूयॉर्क एरवी चार-पाच आठवडे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला; तसा वळसा असला की आणखी दहा-पंधरा दिवस. एलसीएलमध्ये कंटेनर भरेपर्यंत इथे थांबा आणि उतरल्यावर माल वेगळा करेपर्यंत तिथे थांबा. मागे मोजत आलात की माल निघण्याची वेळ येते नेमकी श्रावणात. सोलापुरात कोरड्या हवेत भाजलेली भाकरी न्हावा शेवाच्या भर पावसाळ्यात पेटीत बंद होते. खोक्यांचा पुठ्ठा आणि लाकडी पॅलेट ती ओल पिऊन घेतात. दिवसा पत्रा तापतो, ओल हवेत येते. रात्री छत गार पडले की तीच ओल थेंब होऊन खाली खोक्यांवर ठिबकते. या धंद्यातले लोक त्याला कंटेनर रेन म्हणतात. त्यात बाहेरच्या पावसाचा थेंबही नसतो.

यावर उपाय आहेत आणि ते फार महाग नाहीत. भाकरीला साधी प्लॅस्टिकची पिशवी पुरत नाही, अॅल्युमिनियम फॉइलचा थर असलेली लागते. प्रत्येक लॉटमधल्या काही पिशव्या पाण्यात दाबून पाहा, बुडबुडा आला की सील कच्चे. पॅलेट सुकी आणि उष्णतेची प्रक्रिया केलेली हवी. त्या प्रक्रियेचा आयएसपीएम १५ हा शिक्का नसलेले लाकूड अमेरिकेच्या बंदरात माल अडकवते. पूर्ण कंटेनर घेत असाल तर कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावाशोषक पिशव्या टांगा, वरच्या खोक्यांवर क्राफ्ट कागद पसरा. भरण्याआधी एका माणसाने आत उभे राहावे आणि दारे बंद करून घ्यावीत. कुठून उजेडाची तिरीप आली तर तो कंटेनर परत करा. मी स्वतः आत उभी राहते.

चटणीचा शत्रू उष्णता. उन्हात यार्डात पडलेल्या कंटेनरच्या आत पारा ५० अंशांच्या पुढे जातो आणि शेंगदाण्याचे तेल खवट होते. आम्ही आता नवा माल परदेशी पाठवण्याआधी त्याची खोकी एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दोन महिने ठेवतो आणि मग चाखतो. सोलापूरचा उन्हाळा याला पुरेसा आहे.

शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिनचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. बुरशीचे हे विष भाजल्याने पुरते जात नाही. अमेरिकेत मर्यादा एका अब्जात २० भाग, युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला फक्त ४. काळे, सुरकुतलेले दाणे हाताने निवडून काढा आणि प्रत्येक लॉट मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा. हा खर्च कधीही वाचवू नका. आपली चटणी कोणाच्या तरी लेकराच्या ताटात जाणार आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. अमेरिकेला पाठवायचे तर तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, कारखान्याची नोंदणी लागते आणि ती दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करावी लागते. माल पोहोचण्याआधी पूर्वसूचना द्यावी लागते. शेंगदाणा लेबलवर ठळक हवाच, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळही अॅलर्जीच्या यादीत आहेत, म्हणजे तीळ लावलेल्या भाकरीचे लेबल वेगळे. लोणचे पाठवणाऱ्यांना आम्लता आणि प्रक्रियेचे नियम आणखी कडक आहेत. ते जाणकाराला विचारल्याशिवाय बरणी भरू नका.

भाड्याच्या स्वस्त आकड्याला भुलू नका. एलसीएलचे भाडे कमी सांगून उतरण्याच्या बंदरावर दर घनमीटरमागे शुल्क लावण्याची पद्धत सर्रास आहे. दोन्हीकडचा पूर्ण खर्च लेखी घ्या. विमा नक्की काढा, पण त्याच्या मर्यादा वाचा. सर्वांत व्यापक पॉलिसीतही उशिराने झालेले नुकसान आणि मालाच्या स्वतःच्या गुणधर्माने झालेला बिघाड धरला जात नाही. भाकरी तिच्याच पुठ्ठ्याच्या ओलीने सादळली असे सर्व्हेअरने लिहिले, तर दाव्याचे काम अवघड होते. तरीही विमा हवाच. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकले, तेव्हा ते सोडवण्याच्या खर्चाचा वाटा मालधन्यांवरही आला. ज्यांचा विमा नव्हता त्यांना माल सोडवायला रोख अनामत मागितली गेली.

ऑर्डर घेण्याआधी दुकानदाराला विचारा, माल शेल्फवर कोणत्या तारखेला लावणार आणि त्यापुढे किती महिन्यांची मुदत शिल्लक हवी. उत्तर लेखी घ्या आणि तिथून मागे मोजा. मोजणी श्रावणात येऊन पडत असेल आणि फॉइलच्या पिशव्यांची सोय नसेल, तर दिवाळीची ऑर्डर नाकारा आणि संक्रांतीनंतर पहिला माल पाठवा.