जिन्याखालची स्कूटर

सुरतच्या लिंबायत भागातल्या आमच्या घराला एकच जिना, एकच दार. रात्री इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याखाली लावायची, खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडायचा आणि सकाळी पिन काढायची, असं महिनाभर चाललं. एका पहाटे आईला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मेन स्विच पाडून खाली गेलो, तर बोर्ड काळाठिक्कर पडलेला आणि पिन आतच वितळून चिकटलेली. बॅटरीला धक्का लागला नव्हता. ती पेटली असती, तर वरच्या पाच जणांना बाहेर पडायला वाट उरली नसती.

घरचा चार्जर इस्त्रीपेक्षाही कमी वीज ओढतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण इस्त्री थोड्या वेळात बंद होते, चार्जर सलग चार-पाच तास चालतो. सॉकेट सैल असलं की तेवढ्याच जागी उष्णता साठत जाते. गुजरात सरकारनं २०२१च्या धोरणात दुचाकीला वीस हजार रुपयांपर्यंत अनुदान दिलं. गल्लीबोळांत गाड्या आल्या, घरातलं वायरिंग मात्र जुनंच राहिलं.

खरी भीती बॅटरीची. लिथियमचा एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, मग त्याच्या शेजारच्याला. आग विझली असं वाटतं आणि ती पुन्हा भडकते, धूरही विषारी. सप्टेंबर २०२२मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. २०२५च्या सुरुवातीला आमच्या लिंबायतमध्येच चार्जिंगच्या दुचाकीतून आग घरात शिरली, गॅस सिलिंडर फुटला, अठरा वर्षांची मुलगी दगावली. त्या गल्लीतून जाताना आजही पाय अडखळतात.

म्हणून सगळ्यात आधी जागा बदला. जिना, दार, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, या चारही ठिकाणी चार्जिंग नको. बॅटरी काढता येत असली तरी ती उशाशी आणू नका. वायरमनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्या, अर्थिंग तपासून घ्या, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. चार्जर कंपनीनं गाडीसोबत दिलेलाच वापरा. उन्हातून आल्यावर अर्धा तास गाडी थंड होऊ द्या आणि घरातली माणसं जागी असतानाच चार्जिंग उरका.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तिचं वय जरूर विचारावं. कारण बॅटरीच्या चाचण्यांचे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आले. बॅटरी फुगली, तिला उग्र वास आला किंवा गाडी पडून ती आदळली, तर पिन लावूच नका. गाडी उघड्यावर ठेवून सर्व्हिस सेंटरला कळवा.

मीठी खाडीचं पाणी पावसाळ्यात आमच्या गल्लीत शिरतं. बुडालेली गाडी वरून वाळली तरी आतली ओल राहते, तेव्हा मेकॅनिकनं उघडून पाहेपर्यंत चार्जर दूरच ठेवावा. आमची स्कूटर आता अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली, कमरेएवढ्या उंचीवर बसवलेल्या पॉइंटवर चार्ज होते. आई झोपायला जाण्याआधी पिनेला हात लावून बघते, गरम तर झाली नाही ना.