रक्तातील जस्त आणि मुलांचा हिवताप

आमच्या बडोद्यात विश्वामित्रीचा पूर ओसरला की हिवतापाची धास्ती सुरू होते. तीव्र हिवताप झालेल्या बालकांच्या रक्तात जस्त कमी आढळते. मग जस्ताच्या गोळीने ताप उतरेल काय? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील चाचणीत हजारावर बालके होती. हिवतापाच्या औषधासोबत जस्त देऊनही ताप लवकर उतरला नाही, जंतूही लवकर हटले नाहीत. मी वाणिज्याचा विद्यार्थी. मला कारण असे उमगले: जंतुसंसर्गात जस्त रक्तातून यकृताकडे वळते. एका खात्यातली शिल्लक घटली म्हणजे दिवाळे निघाले असे नव्हे! खरी उणीव असलेली मुलेही आहेतच, पण तापातल्या एका रक्ततपासणीवरून ती ओळखणे कठीण. जुलाबात मात्र हीच गोळी ओआरएससोबत १० ते १४ दिवस देतात.