पुरळ पाहताच औषध विचारा

ताप आणि पुरळ ही जोडी बालरोगतज्ज्ञाला नित्याचीच. हजीऱ्याच्या कारखान्यांमुळे इच्छापोर परिसरात स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांतही पुरळ दिसले की आजी ‘गोवर’ म्हणते आणि घरात कडुनिंबाचा डहाळा येतो. बहुधा त्याने काही बिघडत नाही. एकदा मात्र बिघडले, आणि चूक माझी होती.

मुलगा आठ वर्षांचा. ताप, लाल डोळे, पुरळ. मीही गोवरच मानला. दुसऱ्या दिवशी ओठ सोलवटले, छातीवर फोड आले. तेव्हा आई म्हणाली, तीन आठवड्यांपूर्वी फिट्ससाठी कार्बामॅझेपिन सुरू झाले आहे. मी विचारलेच नव्हते. मधल्या मात्रा पोटात गेल्या होत्या. मुलगा वाचला, परंतु कोरड्या डोळ्यांत त्याला आजही थेंब घालावे लागतात.

हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. १९२२ साली दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी सात व आठ वर्षांच्या दोन मुलांत त्याचे वर्णन केले. त्या मुलांनाही आधी गोवरच समजले गेले होते! फिट्सची काही औषधे (कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन) आणि सल्फा ही त्याची प्रमुख कारणे. पुरळ बहुधा औषध सुरू केल्यावर चार ते अठ्ठावीस दिवसांत उठते. त्वचा दहा टक्क्यांहून कमी सुटली तर हा सिंड्रोम. तीस टक्क्यांहून अधिक सुटली तर ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’, ज्यात जिवाचा धोका फार मोठा.

उपचारातील पहिले पाऊल म्हणजे संशयित औषध तत्काळ थांबवणे. मात्र फिट्सचे औषध पालकांनी परस्पर बंद करून घरी बसू नये. पुढची मात्रा देण्यापूर्वी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. डॉक्टरांनी पर्याय निवडताना वरील गटातील दुसरे औषध टाळावे, कारण त्यानेही तोच विकार उद्भवू शकतो. नेत्रतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी बोलवावे.

पालकांनो, पुरळासोबत तोंड आले, डोळे लाल झाले किंवा त्वचा दुखू लागली, तर महिनाभरातील सर्व औषधांची वेष्टने घेऊन या. दोषी औषधाचे नाव मुलाच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा. ते पुन्हा कधीही देऊ नये.

आणि सहव्यवसायी मित्रहो, अशा प्रत्येक रुग्णाची नोंद २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे अवश्य करावी. मी आता पुरळ पाहण्याआधी औषध विचारतो. हा धडा मला त्या मुलाने दिला; त्याची किंमतही त्यानेच मोजली.