संगणक चालू ठेवावा की बंद करावा ?
(पाठटिपण. इयत्ता 6 वी व 7 वी, विषय : सामान्य विज्ञान, तासिका 2)

पाठाचा हेतू : संगणक बंद करण्यामागील कारणे विद्यार्थ्यांना समजावून देणे, विजेच्या युनिटचे गणित करावयास शिकविणे, आणि आपण वापरतो त्या विजेचे मोल त्यांच्या ध्यानी आणून देणे.

प्रस्तावना : शाळा सुटताना संगणक बंद करावा की दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवावा, याविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, वारंवार बंद-चालू केल्याने यंत्र झिजते. दुसरा म्हणतो, चालू ठेवल्याने वीज वाया जाते. शिक्षकाने ही दोन्ही मते विद्यार्थ्यांकडूनच काढून घेऊन फळ्यावर लिहावीत. निर्णय मात्र एकदम देऊ नये.

विवेचन : (1) पहिले मत अगदीच निराधार नाही. अमेरिकेत 1946 साली जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅक या संगणकात सुमारे 18,000 निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत ज्यांना व्हॉल्व्ह म्हणत, त्याच या नळ्या. तापताना व निवताना त्यांच्यावर ताण पडे आणि बहुधा त्याच वेळी त्या निकामी होत. म्हणून ते यंत्र सहसा बंद करीत नसत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेला ‘टिफ्रॅक’ हाही नळ्यांवरच चाले. आजच्या संगणकात त्या नळ्या राहिलेल्या नाहीत. फिरती चकती असलेली हार्ड डिस्कही हजारो वेळा थांबणे व सुरू होणे सोसेल, अशीच घडविलेली असते. वर्षातील 220 दिवस रोज एकदा यंत्र बंद केले, तरी दहा वर्षांत ते 2,200 वेळाच होईल. एसएसडीमध्ये तर फिरणारा भागच नसतो.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक घडविला. अशा यंत्रांना रात्रीही काम असते, म्हणून ती अहोरात्र चालतात. शाळेच्या संगणकाला रात्री काम नसते, हा भेद विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा.

(2) आता फळ्यावर गणित मांडावे. एक संगणक पडद्यासह 80 वॉट वीज घेतो असे धरू. असे 10 संगणक सायंकाळी 5 पासून दुसऱ्या दिवशी 11 पर्यंत, म्हणजे 18 तास, चालू राहिले तर :
80 × 10 × 18 = 14,400 वॉट-तास = 14.4 युनिट.
एवढी वीज एका रात्रीत कोणाच्याही उपयोगी न पडता खर्च होते.

(3) ‘स्लीप’ म्हणजे निद्रावस्था. हीत यंत्र अगदी थोडी वीज घेते. परंतु चालू काम स्मृतीत टिकते ते त्या थोड्या विजेच्याच आधारावर. वीज गेली की जतन न केलेले कामही गेले. म्हणून मधल्या सुट्टीपुरती निद्रा ठीक. रात्रीसाठी, विशेषतः जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही तेथे, ‘शट डाउन’ हाच मार्ग योग्य होय.

(4) बंद करण्यासही रीत आहे. मूल वहीत लिहीत असता कोणी वही ओढून घ्यावी, तसे थेट बटण बंद केल्याने होते : अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते आणि गुणपत्रकांचे महिन्याचे श्रम वाया जाऊ शकतात. यास्तव प्रथम काम जतन करावे, नंतर ‘शट डाउन’ करावे, यंत्र पूर्ण थांबल्यावर यूपीएस व शेवटी भिंतीवरील बटण बंद करावे. ‘अपडेट’ चालू असल्याची सूचना दिसल्यास धीर धरावा. वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागण्यापूर्वीच यंत्र बंद करून प्लग व इंटरनेटची तार काढून ठेवावी.

विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 नंतर, बहुतेक यंत्रांत ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीचा काही भाग चकतीवर जपला जातो. त्यामुळे यंत्र अडखळू लागल्यास ‘रिस्टार्ट’ करणे अधिक गुणकारी ठरते.

परिसराशी संबंध : भूगावावरून जाणारा पौड रस्ता पुढे मुळशी धरणाकडे जातो. या धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवून वीज निर्माण करतात. ती प्रथम नेली गेली मुंबईकडे. धरणाखाली आपली गावे व भातखाचरे जाणार, म्हणून येथील शेतकऱ्यांनी 1921 साली मुळशी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. तरीही गावे बुडालीच. युनिट हा केवळ बिलावरील आकडा नव्हे, त्यामागे कोणाची तरी जमीन असते, ही गोष्ट मुळशी तालुक्यातील मुलांना जितकी सहज पटेल तितकी क्वचितच इतरांना पटेल. उपदेश न करता ही हकिकत सांगावी व मुलांना विचार करू द्यावा.

स्वाध्याय :
1. आपल्या शाळेतील संगणक मोजून वरील गणित पुन्हा करा.
2. निद्रावस्थेत एक संगणक 3 वॉट वीज घेत असेल, तर 10 संगणकांसाठी 18 तासांत किती युनिट लागतील ? (उत्तर : 0.54)
3. शाळा सुटताना संगणक बंद करण्याची पाळी लावा व बंद करण्याचा क्रम सुवाच्य अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.