इंजिन उघडण्याआधी सेल्फचा करंट तपासा

*ट्रॅक्टर सल्ला : रब्बी हंगाम*



थंडी पडली की काही ट्रॅक्टर सकाळी लवकर चालू होत नाहीत. पांढरा धूर टाकतात, तीन सिलिंडरचं इंजिन दोनवर चालल्यासारखं हलतं. गॅरेजात गेलं की उत्तर ठरलेलं: "इंजिन उघडावं लागेल." ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडकतो आणि खर्च हजारोंत जातो. कधी ते खरंच लागतं. पण त्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी मागून घ्या.

*यामागचं कारण*
डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. हा दाब म्हणजे कॉम्प्रेशन. सेल्फ मारला की प्रत्येक पिस्टन हवा दाबताना सेल्फवर ताण येतो आणि तो बॅटरीतून जास्त करंट ओढतो. चढ आला की बैल जोर लावतात, तसंच. एका सिलिंडरचा दाब निसटत असेल तर तिथला चढ कमी, म्हणून करंटही कमी.

*घरी काय बघाल?*
१) ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ बंद. उपरणं, पदर, लहान मुलं पंख्यापासून लांब.
२) बॅटरीचे टर्मिनल साफ करून घट्ट करा. बंद ट्रॅक्टरला मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा.
३) स्टॉपचा नॉब ओढून धरा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. चावीवर डिझेल बंद होणाऱ्या मॉडेलमध्ये हे काम मेकॅनिककडून करून घ्या.
४) फक्त ५ सेकंद सेल्फ मारा आणि ऐका. चांगलं इंजिन एका ठेक्यात फिरतं: घूं-घूं-घूं. एक सिलिंडर कमजोर असेल तर दर तिसऱ्या वेळी ते पटकन पुढे निसटतं: घूं-घूं-घुर्र.
५) पुन्हा मारायचा तर मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ तापतो.

*मीटर लावल्यावर*
वायरमनकडचा टाँग टेस्टर बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो, इथे चालत नाही. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. तो बॅटरीकडून सेल्फकडे जाणाऱ्या एकाच जाड केबलभोवती लावा. आकडा इंजिनाप्रमाणे बदलतो, पण अर्थ असा:
• इंजिन हळू फिरतं, करंटही कमी: बॅटरी, टर्मिनल किंवा केबल खराब.
• हळू फिरतं, करंट खूप जास्त: सेल्फ खराब किंवा इंजिन जड फिरतंय.
• भराभर फिरतं, करंट नेहमीपेक्षा कमी: सगळ्याच सिलिंडरचा दाब कमी असण्याची शंका.

साध्या मीटरवर एकेक सिलिंडर वेगळा दिसत नाही, आकडा नुसता नाचतो. त्यासाठी पडद्यावर रेघ काढणारा ऑसिलोस्कोप लागतो. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत तीन उंचवटे दिसतात. तिन्ही सारखे असतील तर दाब एकसारखा. एक बुटका असेल तर एक सिलिंडर कमजोर.

*एक मर्यादा*
ही तपासणी सिलिंडरची एकमेकांशी तुलना करते. तिन्ही सारखेच झिजले असतील तर उंचवटेही सारखेच दिसतील. शंका राहिली तर नोझल काढून डिझेलच्या गेजनं प्रत्यक्ष दाब मोजून घ्या. पेट्रोल गाडीचा गेज चालत नाही, डिझेलचा दाब त्याहून फार जास्त असतो.

*सिलिंडर कमजोर निघाला तर?*
आधी टॅपेट सेटिंग तपासायला सांगा. टॅपेट जास्त घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. याला हेड काढावं लागत नाही. ब्रीदरमधून धूर आणि ऑइल कमी होत असेल तर रिंग-लायनरची शंका घ्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटची. तिन्ही उंचवटे सारखे असून गेजवरही दाब बरोबर आला, तर इंजिन उघडण्याची घाई नको. नोझल, डिझेल फिल्टर आणि लाइनमधली हवा तपासा.

*हे करू नका*
नोझलच्या पाइपचा नट स्वतः सैल करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. चालू होत नाही म्हणून ईथरचा स्प्रेही मारू नका.

इंजिन चांगलं चालतंय तेव्हाच सेल्फ मारताना किती अँपिअर येतात ते मोजून ट्रॅक्टरच्या वहीत लिहून ठेवा. पुढे तुलना करायला तोच आकडा कामाला येतो. धुळीच्या कामात एअर क्लीनर रोज बघा. रिंगा झिजवते ती धूळच.

अडचण असेल तर ट्रॅक्टरचं मॉडेल, किती तास चाललाय आणि सेल्फ मारतानाचा १० सेकंदांचा व्हिडिओ ग्रुपवर पाठवा. आवाज नीट येऊ द्या. घरात ट्रॅक्टर जो चालवतो, त्यालाही हा मेसेज दाखवा.

आपला,
कृषी सल्लागार