लांकूड पोखरणारा शिंपला

वाळवीचें नांव काढतांच हिंगोलीकडील घराघरांतून एखादें दार किंवा चौकट आठवेल. वरून लांकूड धड दिसतें. बोटानें दाबावें तों आंत पोकळ! आपण समुद्रापासून दूर राहतों. म्हणून समुद्रांतही अशी एक वाळवी आहे, हें आपणांस सहसा ठाऊक नसतें.

इंग्रजींत तिला ‘शिपवर्म’, म्हणजे जहाजाचा किडा, म्हणतात. परंतु हा किडा नव्हे. नदीच्या वाळूंत सांपडणाऱ्या शिंपल्यांचाच हा दूरचा भाऊबंद होय. त्याच्या कुळाचें शास्त्रीय नांव टेरेडिनिडी. शरीर मऊ, लांब व गांडुळासारखें. शिंपेच्या दोन लहानशा झडपा मात्र पुढच्या टोंकाशीं उरलेल्या. त्यांवर बारीक दांते असतात. तीच त्याची कानस! तिनें घांसून घांसून तो लांकडांत बोगदा करितो व त्यास आंतून चुन्याचें अस्तर लावितो. अगदीं सूक्ष्म असतांनाच तो आंत शिरतो आणि तेथेंच वाढतो. म्हणून बाहेर छिद्र टांचणीच्या टोंकाएवढें, तर आंत सारें पोखरलेलें. त्याच्या कल्ल्यांत राहणारे जंतु लांकूड पचविण्यास साहाय्य करितात.

१७३१ सालीं हॉलंडांत समुद्र अडविणाऱ्या बांधांचे लांकडी खांब असेच पोखरलेले आढळले. तेथील बराच प्रदेश समुद्रसपाटीहून खालीं आहे. बांध फुटता तर गांवेंच्या गांवें बुडालीं असतीं. पुढें त्या बांधांस दगडांचें संरक्षण देण्यांत आलें.

आपल्या कोंकणांत होडी म्हणजे कोळ्याच्या साऱ्या कुटुंबाची भाकर. पावसाळ्यांत ती किनाऱ्यावर ओढून तिचा तळ वाळवितात व तेल-डांबर लावितात. कोरड्या लांकडांत हा प्राणी फार काळ तगत नाहीं. मुंबईच्या वाडिया घराण्यानें १८१७ सालीं बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ जहाज टणक मलबारी सागाचें. त्याच्या तळाला तांब्याचे पत्रेही मारलेले होते. तें आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे.

तथापि हा प्राणी निव्वळ वैरी नव्हे. खाडींतील तिवरांचीं मेलेलीं लांकडें झिजवून तो तीं पुन्हां सृष्टीच्या उपयोगी आणितो. त्याचा बोगदा पाहूनच ब्रुनेल या अभियंत्यास थेम्स नदीखालून भुयार खणण्याची युक्ति सुचली, असें सांगतात. तें भुयार १८४३ सालीं खुलें झालें.

मुलांनो, छिद्र बारीक आहे म्हणून कोळी त्याकडे कानाडोळा करीत नाहीं. घराच्या चौकटीविषयीं आणि आपल्या संवयींविषयींही आपण तीच दक्षता बाळगावी.