शंका-समाधान : फणसाचं पीठ, नवं जर्नल आणि तुमची पत्रं

आहार आणि पोषण या विषयाला वाहिलेलं एक नवं संशोधन-जर्नल सुरू झालं आहे आणि ते कुणालाही मोफत वाचता येतं, असं गेल्या अंकात या सदरात लिहिलं होतं. त्यानंतर आलेली पत्रं वाचून मनापासून आनंद झाला. गृहिणी, निवृत्त शिक्षक, प्राध्यापक, बचत गटातल्या बायका अशा अनेकांनी पेपर उघडले, वाचायचा प्रयत्न केला आणि जिथे अडलं तिथे सरळ विचारलं. सगळ्या पत्रांना जागा पुरणार नाही. पुन्हा पुन्हा आलेल्या शंका इथे घेते.

कुडाळहून एक वाचक लिहितात : "माझ्या यजमानांना मधुमेह आहे. फणसाच्या पिठाने साखर उतरते हे संशोधनाने सिद्ध झालंय असं सगळे सांगतात. आमच्या बचत गटात आम्हीही कच्चा फणस सुकवून पीठ करतो. ते त्यांना रोज द्यावं का? गोळ्या बंद होतील का?"

ताई, गोळ्यांचं आधी सांगते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, कमीही करायच्या नाहीत. आता पिठाकडे वळू. तुमच्यापर्यंत जी बातमी आली तिच्यामागे खरोखर एक अभ्यास आहे. २०२१ साली 'न्यूट्रिशन अँड डायबेटिस' या जर्नलमध्ये तो छापून आला. तो आपण दोघी मिळून वाचू या, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला माझी गरज लागणार नाही.

पहिला प्रश्न : किती माणसं? ४०. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलमची, टाइप २ मधुमेहाची, आधीपासून गोळ्या घेत असलेली. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, प्रत्येकात २० जण. हे चांगलं झालं, कारण गट असे पाडले की ज्यांची साखर मुळात आटोक्यात आहे ते सगळे एकाच बाजूला जमण्याची शक्यता कमी होते.

दुसरा प्रश्न : काय खाल्लं आणि कशाच्या जागी? एका गटाला रोज ३० ग्रॅम कच्च्या फणसाचं पीठ दिलं, दुसऱ्या गटाला तितकंच दुसरं पीठ. आपल्याला कुठलं मिळतंय हे खाणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. मुख्य म्हणजे हे पीठ जेवणातल्या तेवढ्याच तांदळाच्या किंवा गव्हाच्या जागी घ्यायचं होतं. तुमच्या पत्रातलं "रोज द्यावं का" वाचून मी थबकले ते इथेच. यजमान नेहमीच्या तीन भाकऱ्या, वाटीभर भात खाऊन वर फणसाच्या पिठाचं थालीपीठ खाणार असतील, तर त्या अभ्यासाचा आणि तुमच्या घराचा काही संबंध उरत नाही.

तिसरा प्रश्न : फरक किती पडला? १२ आठवड्यांनी फणसाच्या गटाची 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीए१सी, सरासरी पाव टक्क्याने उतरली. दुसऱ्या गटाची जवळजवळ होती तिथेच राहिली. पाव टक्का म्हणजे समजा रिपोर्टवर ७.२ असेल, तर ७ च्या थोडं खाली. हा फरक खरा आहे आणि त्याला मी कमी लेखणार नाही, पण गोळी सुटण्याइतका तो मोठा नाही. शिवाय ही सरासरी आहे. कुणाची जास्त उतरली असेल, कुणाची उतरलीच नसेल.

आता शेवटच्या पानावर या. तिथे बारीक अक्षरात हितसंबंधांचा मजकूर असतो : अभ्यासाला पैसे कुणी दिले, पीठ कुणी पुरवलं, लेखकांपैकी कुणाचा त्या व्यवसायाशी संबंध आहे का. बहुतेक जण हे पान उलटून टाकतात. मी पेपर हातात घेतला की आधी तेच वाचते. पैसे उद्योगाचे आहेत म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, पण मग तोच निष्कर्ष दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांवर, ज्यांचा पिठाच्या विक्रीशी संबंध नाही अशा लोकांनी काढलेला पाहायला मिळावा, अशी अपेक्षा धरायला हवी.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. डॉक्टरांना सांगून, रोजच्या पिठातलं ३० ग्रॅम काढून त्या जागी तुमचं पीठ घाला. पीठ कच्च्या फणसाचंच हवं, कारण पिकताना स्टार्चची साखर होते. पिकल्या गऱ्यांना हा अभ्यास लागू नाही. घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहून वहीत लिहा. यजमानांना मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारा, कारण फणसात पोटॅशियम बरंच असतं. आणि बचत गटाच्या पाकिटावर "मधुमेह बरा होतो" असं कृपा करून छापू नका. "कच्च्या फणसाचं पीठ" एवढं नाव पुरेसं आहे.

नाशिकहून गृहविज्ञानाच्या एक प्राध्यापिका : "एका नव्या पोषण-जर्नलकडून मेल आला आहे. चार दिवसांत पेपर छापून देतो म्हणतात, शुल्क भरायचं आहे, आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टरही चांगला लिहिला आहे. पाठवू का?"

पाठवू नका. आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाचा ओळख-क्रमांक आहे. तो दिवाळी अंकालाही मिळतो. त्यातून दर्जाची हमी मिळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर काढतात तो जर्नलने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना पुढे किती संदर्भ मिळाले त्यावरून. म्हणजे काल सुरू झालेल्या जर्नलला तो असूच शकत नाही. नवं जर्नल तो मिरवत असेल तर तिथेच कळावं. उलट, आमच्याकडे अजून इम्पॅक्ट फॅक्टर नाही, असं प्रामाणिकपणे सांगणारं नवं जर्नल मला जास्त विश्वासाचं वाटतं. शुल्क घेणं हा दोष नाही. मोफत वाचायला देणारी अनेक चांगली जर्नल्स लेखकाकडून शुल्क घेतात. दोष आहे तो चार दिवसांत. दोन जाणकारांनी पेपर नीट वाचायचा, शंका काढायच्या, तुम्ही उत्तरं द्यायची, हे चार दिवसांत होत नाही.

पैसे भरून कच्चा पेपर छापून आणणं किती सोपं आहे ते जॉन बोहॅनन या विज्ञान-पत्रकाराने २०१५ मध्ये दाखवून दिलं. जर्मनीत पंधरा-सोळा माणसांवर तीन आठवड्यांचा खराखुरा, पण मुद्दाम कच्चा ठेवलेला प्रयोग त्याने आणि सहकाऱ्यांनी केला. प्रत्येकाच्या वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा १८ गोष्टी मोजल्या. इतक्या थोड्या माणसांच्या इतक्या गोष्टी मोजल्या की एखाद्या आकड्यात योगायोगाने फरक दिसतोच. तो वजनात दिसला. "चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं" असा पेपर पैसे भरून छापला गेला आणि बातमी देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकली. नंतर त्याने स्वतःच सगळं उघड केलं. तुमच्या विद्यार्थिनींना ही गोष्ट जरूर सांगा. संशोधनाची पद्धत शिकवताना तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

यूजीसीची केअर ही मान्य जर्नल्सची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जर्नल पारखायचं काम तुमच्यावर आणि तुमच्या महाविद्यालयावरच आहे. संपादक मंडळातली दोन-तीन नावं निवडा आणि त्यांना थेट मेल करून विचारा, "आपण खरंच या मंडळावर आहात का?" काही जणांना आपलं नाव तिथे आहे याचाच पत्ता नसतो.

लातूरहून एक निवृत्त शिक्षक : "आज अंडं वाईट, उद्या चांगलं. मोठमोठे पेपरही मागे घेतले जातात. मग विश्वास कशावर ठेवायचा?"

सर, पेपर मागे घेतला जातो तेव्हा माझा त्या जर्नलवरचा विश्वास वाढतो. स्पेनमधला 'प्रेडिमेड' अभ्यास घ्या. ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा असलेला भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचं प्रमाण कमी दिसलं. ७,४४७ माणसं होती. २०१३ मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि जगभर गाजला. पुढे आकड्यांची छाननी करताना शंका आली. चौकशीत निघालं की काही घरांत एकाला ज्या गटात घातलं, त्याच गटात घरातल्या दुसऱ्यालाही घातलं होतं आणि एका केंद्रावर तर सबंध दवाखान्यांनाच एकेक आहार वाटून दिला होता. माणसागणिक गट पाडण्याचा नियम मोडला होता. २०१८ मध्ये लेखकांनी पेपर मागे घेतला, हिशेब पुन्हा केला आणि नव्याने छापला. निष्कर्ष बराचसा तोच राहिला, भाषा मात्र सावध झाली. आमच्या क्षेत्रात याहून मोठी शिस्त मी सांगू शकत नाही.

अंड्याबद्दल थोडक्यात : अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेने रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली. निरोगी माणसाला रोज एक अंडं चालतं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

दादरहून एक आजी : "हे सगळं परदेशी माणसांचं. आमच्या भाजी-भाकरीवर कुणी अभ्यास करतं का?"

आजी, करतात, आणि असा करतात की परदेशातली माणसं तो वाचायला बसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. आठशेच्या आसपास गर्भवतींची नोंद ठेवली. बाई दिवसभरात काय खाते एवढंच त्यांनी विचारलं नाही. ती शेतात किती राबते, पाणी किती लांबून आणते हेही लिहून घेतलं. गावातल्या बाईचं बाळंतपण समजून घ्यायचं तर हंडा आणि खुरपं वगळून चालत नाही, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

त्यातून काय निघालं? ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध वारंवार होतं, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. माठ, मेथी, चाकवत यांचं मोल आपल्या आजीपणजीला माहीत होतं, इथे ते वजनकाट्यावर उतरलं. दुसरा निष्कर्ष जगभर गाजला. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळं वजनाने बरीच हलकी भरली, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकून. बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो, या कोड्याचा एक धागा पाळण्यापर्यंत जातो, तो असा.

तिसरी गोष्ट माझ्या रोजच्या कामात उपयोगी पडते. त्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. शाकाहारी सुनेच्या वाट्याला दूध शेवटी येत असेल, किंवा येतच नसेल, तर भाजी-भाकरी कितीही पोटभर असली तरी ही उणीव भरत नाही. ज्या मातांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. म्हणून आजी, नातसून गरोदर असेल तर लोह-फोलेटच्या गोळ्या चालू ठेवाच, त्यासोबत बी-१२ तपासून घ्या, आणि तिच्यासमोर दुधाचा पेला तुम्ही स्वतः ठेवा. घरात तुमचा शब्द चालतो, माझा नाही.

न्यू जर्सीहून एक वाचक : "कॅलरी मोजणाऱ्या ॲपवर ज्वारीच्या भाकरीचे चार वेगळे आकडे येतात. खरा कोणता?"

भाकरी केवढी थापली त्यावर आहे. ॲप सोडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. नमुने देशभरातून गोळा करून तपासलेले आहेत. त्यांतले आकडे १०० ग्रॅम कच्च्या पदार्थाचे आहेत, म्हणून भाकरी न मोजता पीठ मोजा. एका भाकरीला किती ग्रॅम पीठ लागतं हे एकदा काट्यावर पाहिलंत की पुढे हिशेब सोपा आहे.

कोल्हापूरहून एक वाचक : "पेपर वाचला. एका तक्त्यातली बेरीज जुळत नाही. मी साधा बी.कॉम. माणूस. जर्नलला कळवलं तर हसतील का?"

हसणार नाहीत, आणि हसले तर त्या जर्नलची लायकी कळेल. संपादकाला पत्र ही संशोधन-जर्नलमधली जुनी, मानाची जागा आहे. आपल्याकडे कमला सोहोनींनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, कुन्नूरच्या पोषण-प्रयोगशाळेत काम केलं, नीरेवर आणि कडधान्यांवर संशोधन केलं आणि मग मुंबईच्या ग्राहक चळवळीत उतरून 'कीमत' या ग्राहकांच्या मासिकात भेसळीबद्दल लिहिलं. प्रयोगशाळेतलं ज्ञान बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तुमचं पत्र त्याच रस्त्यावरून उलट दिशेने चाललं आहे.

लिहा असं : पेपरचं नाव, वर्ष, तक्ता क्रमांक, ओळ. "या ओळीतली संख्या एकूण संख्येशी जुळत नाही, कृपया खुलासा करावा," एवढंच. आरोप नको, आणि तुमची पदवी सांगायचीही गरज नाही. पहिल्या पानावर ज्या लेखकाच्या नावापुढे मेलचा पत्ता असतो, त्यांना आधी पाठवा. तीन-चार आठवडे वाट पाहा. उत्तर आलं नाही तर तेच पत्र संपादकांना पाठवा आणि पहिल्या मेलची प्रत सोबत जोडा. बेरीज तुम्ही म्हणता तशी चुकलेली असेल तर शुद्धिपत्र निघेल. काही माणसं मध्येच अभ्यास सोडून गेल्यामुळे संख्या कमी दिसत असेल तर तसं उत्तर येईल, आणि किती गेली, का गेली, हे विचारायचा दुसरा प्रश्न तुम्हाला मिळेल. उत्तर आलं की मलाही पाठवा, या सदरात घेऊ.